अंथरूण पाहून खोली मांडावी

मैत्रिणींनो, बैठकीची खोली सजवायची म्हटली की आपण पहिल्यांदा कुठं धावतो? पडद्यांच्या दुकानात. मग सोफ्याच्या खोळी, मग भिंतीचा रंग, आणि पैसे संपत आले की सगळ्यात शेवटी खाली अंथरायला काहीतरी. हा क्रम एकदा उलटा करून बघा, असं मी म्हणणार आहे. आधी अंथरूण, मग खोली. आणि ते पटवायला तुम्हाला हिंगोली जिल्ह्यात घेऊन जाणार आहे. ‘हिंगोलीत बघायला काय आहे?’ असं विचारणाऱ्या पुष्कळ भेटतात. औंढ्या नागनाथाचं दर्शन घेऊन आलेल्यासुद्धा विचारतात!

अकोला ते पूर्णा या रेल्वेमार्गावर हिंगोली लागतं. स्टेशनच्या पाटीवर ‘हिंगोली डेक्कन’ असं ऐटबाज नाव आहे. निजामाच्या राज्यात इथं हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. फौज गेली, पण रिसाला बाजार, सदर बाजार ही नावं मागं राहिली. जिल्हा म्हणून हिंगोली तशी लहान, १ मे १९९९ ला परभणीतून वेगळी निघालेली. लेकीनं वेगळी चूल मांडावी तशी, परभणीशी सगळे संबंध राखून.

इथल्या जुन्या घरात गेलात तर पायाखाली बघा. खाली शहाबादी फरशी, करडी, निळसर झाक असलेली, उन्हाळ्यात गार. तिच्यावर पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी. शहाबाद आज कर्नाटकात, सतरंज्यांसाठी नावाजलेलं वरंगळ तेलंगणात आणि हिंगोली महाराष्ट्रात. पण १९५६ पर्यंत ही तिन्ही गावं एकाच हैदराबाद राज्यात होती, म्हणून फरशी नि सतरंजीची ही जोडी मराठवाड्यात इतकी रुळली, असं मला वाटतं. वरंगळचे गालिचे १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात गेले होते, आणि २०१८ मध्ये तिथल्या सतरंज्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. सतरंजी हा शब्दच मुळी शतरंजातला, म्हणजे बुद्धिबळाच्या पटावरच्या चौकटींचा. आपण मात्र ती लग्नाच्या पंगतीपुरती माळ्यावरून काढतो!

मला विचाराल तर हिंगोलीला जावं ते नवरात्राच्या आधीच्या आठवड्यात, ‘दसरा काढायच्या’ दिवसांत. माझ्या शहरी वाचकांसाठी सांगते, घटस्थापनेपूर्वी घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचं, त्याला दसरा काढणं म्हणतात. पाऊस बरा झाला असेल तर कयाधू नदीच्या काठी बायकांची झुंबड उडते. गोधड्या, वाकळा, चादरी, जाजमं आपटून धुतात आणि खडकावर, झुडपांवर, गवतावर वाळत घालतात. वर्षभर घडी घालून ठेवलेलं प्रत्येक घर जणू उलगडून उन्हात पडलेलं! कुणाच्या घरी कुठल्या रंगाची लुगडी नेसली गेली, हे त्या वाकळांवरून ओळखावं.

या वाकळीचीच एक हकिगत सांगते. माझ्या थोरल्या नणंदेचं, म्हणजे आमच्या वन्संचं घर हिंगोलीला. नातीला बघायला पाहुणे येणार होते आणि घरात दोन तट पडले होते. सूनबाईंना बैठकीत नवा सोफासेट हवा होता, हप्त्यानं मिळणारा, आणि त्याच्यापुढं दसऱ्याच्या प्रदर्शनातला तो गुबगुबीत, चकचकीत गालिचा. वन्संचे यजमान म्हणत होते, मुलीच्या लग्नाआधीच हप्ते अंगावर घ्यायचे तर लग्न कशानं करायचं? सूनबाईंचंही काही चुकत नव्हतं बरं का. ‘मामी, पाहुणे आधी खोली बघतात, मग मुलगी,’ असं तिनं मला अगदी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. लेकीची आई आहे ती. तिला हसणं सोपं आहे.

त्याच घरात मोठी आई, म्हणजे वन्संच्या सासूबाई, पंच्याऐंशी वर्षांच्या. आता दिसत नाही फारसं. त्यांनी नजर शाबूत असताना शिवलेली शेवटची वाकळ पेटीत तळाला होती. नऊवारी लुगड्यांचे थर, कडेपासून सुरुवात करून आत आत येत गेलेला धावदोरा, टाका इतका बारीक की कापडाला लाटा आल्यासारख्या दिसतात. वांगी रंग, गर्द हिरवा, मधे एका फाटक्या इरकलीचा लाल काठ. ती बाहेर काढली आणि फरशीवर पसरली मात्र, सूनबाई स्वतःच म्हणाली, ‘हिच्यापुढं तो गालिचा फिका पडेल की!’

मग उरलेली खोली त्या वाकळीनं मांडली, आम्ही नुसते हात लावले. खोली दहा बाय बाराची. पोपटी डिस्टेंपरची भिंत वाकळीशी भांडू लागली, म्हणून तिच्यावर पांढरा हात दिला. फुलाफुलांचे पडदे काढून साध्या मांजरपाटाचे लावले आणि त्यांना खाली चार बोटं लाल पट्टी जोडली, इरकलीच्या काठाशी मिळणारी. आहे त्याच लोखंडी पलंगावर गादी घालून एकरंगी हिरवी चादर. टीव्हीवरचं भरतकामाचं झाकण, प्लॅस्टिकची फुलं, तीन कॅलेंडरं, सगळं आत. सगळा खर्च सोफ्याच्या एका हप्त्याइतकाही आला नाही.

यातलं तुम्ही उचलावं ते एवढंच. अंथरुणात पाच रंग असतील तर त्यातला एकच रंग निवडावा आणि तो खोलीत आणखी दोन ठिकाणी दिसावा. पाचही रंग सगळीकडे दिसले की खोली नाही, कापडदुकान वाटतं. अंथरूण भिंतीपासून भिंतीपर्यंत भिडवू नका. चारी बाजूंनी फूट-दीड फूट फरशी दिसू द्या, म्हणजे लहान खोलीसुद्धा ऐसपैस दिसते. पलंगाचे किंवा खुर्च्यांचे पुढचे पाय अंथरुणावर, मागचे फरशीवर. अंथरूण मधोमध एकटंच पडलं तर ते तराफ्यासारखं तरंगतं. आणि दार उघडताना त्याची कड अडकते का, हे पाहुणे यायच्या आधी बघून ठेवा! शहाबादीवर वाकळ सरकते, म्हणून खाली जुनं गोणपाट घालावं. घरात म्हातारं माणूस असेल तर याची हयगय नको. गुडघ्यांमुळं ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी एक खुर्ची हवीच. बैठक भारतीय म्हणून पाहुण्यांच्या गुडघ्यांची परीक्षा घेऊ नये.

याच धड्याचं मोठं उदाहरण पंचवीसेक किलोमीटरवर औंढ्याला उभं आहे. नागनाथाचं देऊळ काळ्या दगडाचं, यादवकाळातलं. बारा ज्योतिर्लिंगांत त्याची गणना करतात. गाभारा जमिनीखाली, अरुंद पायऱ्यांनी जपून उतरावं लागतं. पण दर्शन झालं की लगेच एस.टी. स्टँडकडे पळू नका. देवळाला बाहेरून फेरी घाला. खालच्या अंगाला हत्ती, देवदेवता, कोरीव कामाची नुसती गर्दी, आणि वरचं शिखर मात्र नंतरच्या काळातलं, साधं, विटा-चुन्याचं. कारण इतिहासातलं असेल, पण डोळ्याला सुख वाटतं खरं: नक्षी खाली, वर शांतता. संत नामदेवांना विसोबा खेचर भेटले ते याच देवळात, अशी परंपरा आहे. ते नामदेव जातीनं शिंपी. त्यांचं जन्मगाव म्हणून मानलं जाणारं नर्सी नामदेव याच जिल्ह्यात, कयाधूकाठी. गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत, त्यामुळं नर्सीला वारकऱ्यांच्या टोप्यांबरोबर शिखांचे फेटेही दिसतात. चिंध्या जोडणाऱ्या आपल्या बायकांना हे गाव माहेरासारखं वाटायला हरकत नाही.

आता घोंगडीबद्दल. या भागात हटकर धनगरांची वस्ती मोठी. घोंगडी म्हणजे दख्खनी मेंढीची लोकर, हातानं कातलेली, मागावर विणलेली आणि चिंचोक्याची खळ दिलेली. काळी, खरखरीत, पावसाची भुरभूर अंगावर न घेणारी. जुन्या माणसांना ती सोवळ्यातही चालायची. बैठकीत पांढऱ्या भिंतीपुढं काळी घोंगडी आणि कोपऱ्यात एक घासलेली पितळी घागर, बस्स! त्या खोलीला दुसरं काही लागत नाही. पण खोलीत उजेड कमी असेल तर घोंगडीच्या वाटेला जाऊ नका, ती असेल नसेल तो उजेड पिऊन टाकते. आणि अनवाणी पायाला टोचते, तेव्हा रांगतं मूल असलेल्या घरी नकोच. धुवायची तर रिठ्याच्या गार पाण्यात, न पिळता, सावलीत आडवी पसरून वाळवावी. पावसाळ्यानंतर कसर लागते, म्हणून ऊन दाखवून कडुलिंबाचा वाळलेला पाला घडीत घालावा. दुःख एवढंच, की आज राज्यात कितीतरी ठिकाणी लोकरीला भाव नाही म्हणून कातरलेली लोकर टाकून देतात. तेव्हा घोंगडी घ्यायचं भिजत घोंगडं ठेवू नका. मागावरची खरी मिळाली तर घेऊन टाका.

वसमतकडे गेलात तर हळद बघाल. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तो पिवळा बघून कुणालाही वाटतं, असा पडदा, असा अभ्रा आपल्या खोलीत हवा. हवा तर जरूर हवा, पण कापड दुकानातल्या पक्क्या रंगाचं घ्या. घरच्या हळदीत रंगवू नका. हळदीचा रंग उन्हानं उडतो आणि साबण लागला की लालसर होतो. याच गुणाचा फायदाही आहे. अंथरुणावर आमटीचा डाग पडला तर साबणानं धुऊन कडक उन्हात टाका. लाल झालेला बघून घाबरू नका, दोन-तीन उन्हांत तो फिकट होत जाईल. हे सुती कापडाचं बरं का, घोंगडीचं नाही.

आणि सेनगाव-कळमनुरीकडच्या बंजारा तांड्यांवर गेलात तर जरा थांबा. तिथलं भरतकाम, आरसे, कवड्या, फेटिया-कांचळीवरची लाल-निळी नक्षी पाहून आपला हात आपोआप पर्सकडे जातो. एका आजींना मी विचारलं, ‘तुमचा जुना फेटिया आहे का हो घरात?’ त्या म्हणाल्या, ‘मायचा होता. भांडेवाल्याला दिला. परात आली.’ आणि आत जाऊन ती परात आणून दाखवली. चांगली जाडजूड परात होती. मला त्यावर बोलायला काही सुचलं नाही. तोच फेटिया शहरात कुणाच्या तरी भिंतीवर काचेच्या चौकटीत, परातीच्या कितीतरी पट किमतीला लागला असेल.

म्हणून माझं मत असं, की जुनं मागू नये. एखाद्या घरात एकच उरलेलं असेल तर नाहीच नाही. नवं करून मागावं. भरणाऱ्या बायका आहेत, लेकीसुनांना अजून येतं. आरसे-कवड्यांचं काम पायाखाली घालायचं नसतं, ते टोचतं आणि तुटतं; ते लोडाच्या अभ्र्याला किंवा पलंगामागच्या भिंतीला मागवा. खाली साधी सतरंजी आणि मागं हे भरतकाम, असंही फार छान दिसतं. किती दिवस लागतील ते त्यांनाच विचारा, दिवसाची मजुरी काय पडेल तेही त्यांनाच विचारा आणि भाजीसारखी घासाघीस करू नका. निम्मे पैसे आधी द्या. जाताना खोलीची लांबी-रुंदी कागदावर लिहून न्या, आणि पडद्याच्या कापडाचा बोटभर तुकडा पर्समधे असू द्या. ‘निळा’ म्हटलं की त्यांचा निळा वेगळा नि आपला वेगळा, हा घोटाळा त्या तुकड्यानं वाचतो.