कंदील आधी, माणूस मागून

आमची विहीर अक्कलकोटच्या बाहेर, बोरी नदीपासून जरा लांब. वर पुरुषभर काळी माती, मग मुरूम, त्याखाली काळा पाषाण. उन्हाळ्यात रानाला भेगा पडल्या आणि पाणी तळाला गेलं, की गाळ काढायला अण्णा यायचे. उतरण्याआधी दोराला पेटता कंदील बांधून खाली सोडायचा, हा त्यांचा नेम.

एकदा आभाळ दाटून आलेलं, वारा पडलेला, अंगाची नुसती काहिली. वडील म्हणाले, "अण्णा, पावसाच्या आत उरकून घ्या की." अण्णांनी कंदील सोडला. निम्म्यापर्यंत ज्योत ताठ होती. पाणी हातभर राहिलं तशी ती आखडली, वातीला चिकटून तांबूस झाली आणि विझली. "आज नको, मालक," म्हणून त्यांनी दोर गुंडाळला.

पुढे सोलापुरात भूगर्भशास्त्र शिकताना या 'आज नको'चा उलगडा झाला. मुळं आणि मातीतले जीवजंतू प्राणवायू वापरतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात. पावसाळी हवेत वातावरणाचा दाब उतरला, की भेगांमधली ही हवा बाहेर पडून विहिरीत साचते. दाब चढला की वरची हवा पुन्हा जमिनीत शिरते. दाब रोजही हलतो: सकाळी दहाच्या सुमारास जास्त, दुपारी चारला कमी. अण्णा दुपारच्या आत काम आटोपायचे. उन्हामुळे, असं ते सांगत. मला ते कारण पुरेसं वाटत नाही. हल्ली पोरं बॅटरी घेऊन उतरतात. बॅटरीला प्राणवायू लागत नाही, तेव्हा ती काही विझत नाही.

जमिनीतून निघणाऱ्या वायूंची गोष्ट पुढे किल्लारीतही भेटली. ते गाव इथून सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटर. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे भूकंप झाला आणि 'खाली ज्वालामुखी आहे' ही आवई आमच्यापर्यंत पोचली. ज्वालामुखी नव्हता, पण जमिनीतून वायू मात्र येत होते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तिथल्या मातीतल्या हवेत हेलियम मोजला. किल्लारीच्या बोअरमध्ये बेसाल्टचा थर 338 मीटर भरला. त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक. त्यातल्या युरेनियम-थोरियमपासून हेलियम तयार होतो आणि खडकाच्या फटींतून वर येतो.

वर येताना वायू एकटा येत नाही, हे मला सगळ्यांत नवलाचं वाटलं. रेडॉन हा किरणोत्सारी वायू 3.8 दिवसांत निम्मा होतो. मातीत आपला आपण पसरत गेला तर काही मीटरांतच संपायचा. तरी तो खोलवरून वर आलेला दिसतो. म्हणून 1980च्या दशकात स्वीडनच्या क्रिस्तियान्सन आणि माल्मक्विस्त यांनी मांडलं, की भूजलातून चढणारे वायूचे सूक्ष्म बुडबुडे त्याला वाहून आणतात. त्याच बुडबुड्यांना खडकातल्या धातूंचे कण चिकटतात, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, आणि मातीतून थेट हवेत येतात. ते गाळून घेऊन खालच्या खनिजाचा माग काढतात. चीनमध्ये सोनंही असं शोधलंय.

हे अण्णांना सांगितलं. बाकी सगळं त्यांनी सोडून दिलं. "मग तुमच्या रानात लावा की ती गाळणी."

"आपल्याकडं नुसता काळा दगड, अण्णा. सोनं कुठलं?"

"मग कशाला शिकलास एवढं?" म्हणाले, आणि यारीवाल्याला हाक मारली.