मसाई पठारावरची खुर्ची

कोल्हापूरच्या शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडली, की शहराचा गलबला मागे पडतो. रत्नागिरीकडे जाणारा रस्ता उसाच्या मळ्यांमधून वायव्येला निघतो. केर्लीजवळ जोतिबाचा फाटा लागतो आणि वाघबीळपासून पन्हाळ्याची चढण सुरू होते. शहरापासून गड जेमतेम 20 किलोमीटरांवर. पेढीवर सकाळ घालवूनही दुपारी निघावे आणि रात्री घरी परतावे, एवढेच हे अंतर. त्यामुळे लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, गुजरी अशा पेठांतील मुलांची मोटारसायकलवरची पहिली लांब फेरी बहुधा पन्हाळ्याचीच असते.

लक्ष्मीपुरीतील धान्याच्या एका जुन्या पेढीचे अण्णा तरुणपणी येझदीवरून असेच हिंडले होते. गगनबावडा, राधानगरी, आंबोली हे सारे रस्ते त्यांच्या परिचयाचे. आता त्यांनी सत्तरी गाठली, गुडघे कुरकुरू लागले आणि गाडी मुलाच्या हाती गेली. गेल्या वर्षी मुलाने त्यांना मागे बसवून पन्हाळ्यापलीकडच्या मसाई पठारावर नेले. तिथे पोहोचल्यावर टेकायला जागाच नव्हती. जमिनीवर बसले तर उठता येईना. अण्णा गाडीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘तू बघून ये, मी इथंच थांबतो.’’ मुलगा दहा मिनिटांतच परत फिरला. त्यानंतर दोनदा बेत ठरला आणि दोन्ही वेळा अण्णांनी काही ना काही काम पुढे केले. खरे कारण घरात साऱ्यांना ठाऊक होते. वडिलांना मुलावर ओझे व्हायचे नव्हते.

त्यावर उपाय म्हणून घडीची खुर्ची घ्यायचे ठरले. गोष्ट किरकोळ, पण मोटारसायकलवर न्यायची म्हटल्यावर तिचाही हिशेब करावा लागतो. प्रवासी साहित्याच्या दुकानात तीन तऱ्हेच्या खुर्च्या होत्या. पहिली छत्रीसारखी मिटणारी लोखंडी नळ्यांची, हात टेकवायला पट्ट्या असलेली. बसायला ती उत्तम. पण वजन तीन-चार किलो आणि मिटल्यावर लांबी हातभर उरतेच. मागे माणूस बसणार म्हटल्यावर ती ठेवायची कुठे? आडवी बांधली तर दोन्ही बाजूंनी बाहेर येते आणि घाटात समोरच्या वाहनाला घासण्याची भीती. दुसरे तीन पायांचे स्टूल. वजनाला नगण्य, परंतु पाठीला आधार नाही. तिसरी ॲल्युमिनियमच्या जोडनळ्यांची. या नळ्यांच्या आतून लवचीक दोरी ओवलेली असते. पिशवीतून बाहेर काढताच तुकडे आपोआप एकमेकांत बसतात आणि वरून कापडी बैठक ताणून चढवायची. ॲल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे एक तृतीयांश वजनाचे, म्हणून अशी खुर्ची किलोभरात भागते आणि गुंडाळी हातभराहूनही आखूड होते.

ही कल्पना आजची नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश फौजेतील अधिकारी अशीच सुटी होणारी खुर्ची मुक्कामावर नेत. रुडकी येथील लष्करी अभियंत्यांच्या ठाण्यावरून तिला रुडकी खुर्ची हे नाव पडले. तिच्या लाकडी पायांत आडव्या दांड्या नुसत्या खोवलेल्या असत. खिळा नाही, सरस नाही. माणूस बसला की त्याच्याच भाराने सांधे आवळत आणि खडबडीत जमिनीवरही चारही पाय टेकत. पुढे 1933 मध्ये डेन्मार्कच्या कारे क्लिंट यांनी तिच्यावरून आपली प्रसिद्ध सफारी खुर्ची घडवली. घोड्याच्या आणि उंटाच्या पाठीवरून जे ओझे गेले, त्याचाच नातू आज मोटारसायकलच्या झोळीत बसतो.

मुलाचा विचार असा होता, की किलोभराच्या दोन हलक्या खुर्च्या घ्याव्यात. एक अण्णांना, एक स्वतःला. दुकानात त्याने त्यातली एक उभी केली. अण्णा बसले आणि खोल गेले. बैठक जमिनीपासून वीतभराहून थोडी अधिक, म्हणून गुडघे कमरेच्या वर आले. बसणे झाले, पण उठताना हात टेकायला काही नव्हते. शेवटी मुलाने हात दिला. अण्णा काही बोलले नाहीत. पण ज्या कारणाने खुर्ची घ्यायची, तेच तिथे उभे राहिले होते.

मग त्यांनी आपल्या पद्धतीने माल पारखायला घेतला. दुकानदाराकडून टेप मागवून गुडघ्यामागची घडी ते जमीन असे अंतर मोजले. ते भरले 43 सेंटिमीटर. ‘‘घरची खुर्ची एवढीच असते. याहून फार खाली गेलो, तर उठताना सगळा भार गुडघ्यावर येणार,’’ ते म्हणाले. त्याच जातीची उंच पाठीची एक खुर्ची होती. तिची बैठक जवळपास त्याच मापाची; वजन दीड किलोच्या आसपास, गुंडाळी थोडी लांब आणि किंमत जास्त. त्यांनी कापडाची वीण, कोपऱ्यांची दुहेरी शिलाई, नळ्यांचा मधला सांधा असे सारे निरखले. कुठे कातड्याची पट्टी लावलेली नाही, हेही पाहून घेतले. भारक्षमतेचा आकडा विचारला तेव्हा दुकानदार 120 किलो म्हणाला. अण्णांचे वजन 75. ‘‘माणूस अलगद बसत नाही, धपकन बसतो. तेवढी गुंजाइश पाहिजेच.’’ मग ते तिच्यावर पाव तास गप्पा मारत बसून राहिले. क्षणभर टेकून कुठलीही खुर्ची बरी वाटते. मांडीखालची कड टोचते की नाही, हे बसून राहिल्यावरच कळते. उठताना मात्र त्यांनी कोणाचा हात घेतला नाही.

दोन हलक्या खुर्च्यांचा बेत बारगळला. एकच उंच खुर्ची घेतली. मुलासाठी घरची सतरंजी होतीच.

एक उणीव उरली होती. खुर्चीच्या पायांची टोके जेमतेम दोन सेंटिमीटर रुंदीची. पठारावरच्या जांभ्या दगडावर ती चालतील. पण नदीकाठच्या काळ्या मातीत किंवा पावसाने भिजलेल्या बांधावर एखादा पाय रुतला, की माणूस कलंडलाच. शिवाजी उद्यमनगरातल्या एका लेथवर सहा सेंटिमीटर रुंदीच्या नायलॉनच्या चार चकत्या करून घेतल्या. हिशेब सोपा आहे. रुंदी तिप्पट झाली, की टेकणारे क्षेत्र नऊपट होते आणि मातीवरचा दाब नवव्या हिश्श्यावर येतो.

कार्तिक संपता संपता, पेढीच्या सुटीच्या दिवशी दोघे निघाले. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट. खुर्ची जाड कापडात गुंडाळून सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूच्या झोळीत ठेवली होती, म्हणजे उष्णता लागू नये आणि खाचखळग्यांत नळ्या एकमेकींवर घासू नयेत. दुसऱ्या झोळीत पाण्याच्या बाटल्या आणि डबे ठेवून तोल साधला. ओझे खाली आणि गाडीच्या मध्याजवळ राहिले, की वळणावर गाडी अंगावर येत नाही, हे अण्णांनी येझदीच्या काळातच शिकून ठेवले होते.

पन्हाळ्यावर अंबरखान्यापाशी ते थोडे थांबले. गंगा, यमुना आणि सरस्वती ही गडावरच्या धान्यकोठारांची नावे. त्या जाडजूड भिंती पाहताना धान्याच्या व्यापाऱ्याचे पाय रेंगाळणारच. तिथून पश्चिमेला मसाई पठार. जुलै 1660 मधील पावसाळी रात्री सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज विशाळगडाकडे गेले, ते याच पठारावरून. सपाटी दूरवर पसरलेली, मध्येच मसाई देवीचे मंदिर, आणि कडेला पोहोचले की खाली दऱ्या.

पावसाळ्याच्या अखेरीस हे पठार फुलांनी भरते. कार्तिकात गवत सोनेरी होऊन वाळू लागले होते. गाडी वाटेच्या कडेलाच उभी केली. वनस्पतींनी धरलेला मातीचा पातळ थर टाळून, उघड्या दगडाची जागा मुलाने शोधली. अण्णांनी ती वाकून पाहिली. एका भेगेतून मुंग्यांची रांग चालली होती.

‘‘दोन हात अलीकडं मांड,’’ ते म्हणाले.

खुर्ची दोन मिनिटांत उभी राहिली. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून डबे पाचलाच उघडले. दिवस असेपर्यंत जेवायचे, हा घरचा नेम रस्त्यात पाळायचा तर जिथे असू तिथे थांबावे लागते. पूर्वी अण्णा अशा वेळी उभ्याउभ्या चार घास घेत. आज ते पाठ टेकून, मांडीवर डबा ठेवून जेवले. मुलगा शेजारी सतरंजीवर होता.

जेवण झाल्यावर अण्णा म्हणाले, ‘‘तू कड्यापर्यंत जाऊन ये. मी इथंच थांबतो.’’

शब्द गेल्या वर्षीचेच होते. मुलगा या वेळी शेवटच्या टोकापर्यंत गेला. परतला तेव्हा ऊन पिवळे झाले होते आणि अण्णा पश्चिमेकडे तोंड करून निवांत बसले होते. त्याची चाहूल लागताच ते उठले, बैठकीचे कापड झटकले, पायांच्या चकत्यांना काही जीव चिकटला नाही ना हे पाहिले आणि नळ्या एकेक करून सोडवू लागले. मुलगा मदतीला पुढे झाला, तसे त्यांनी त्याला थांबवले.

‘‘राहू दे, माझं मी करतो. तू पाण्याच्या बाटल्या घे.’’

घाट उतरताना त्यांनी मागून विचारले, गगनबावड्याचा रस्ता हल्ली कसा आहे.