काच धुणारा इंजिनियर

पुतण्या इंजिनियर झाला तेव्हा गावात पेढे मीच वाटले होते. त्यामुळे गेल्या दिवाळीत पारावर कोणी तरी "काय काम करतोस रे?" म्हणून विचारले आणि पठ्ठ्या "काच धुतो" असे सांगून मोकळा झाला, तेव्हा तोंड लपवायची पाळीही माझ्यावरच आली.

आमचे गाव बीड जिल्ह्यातले, पाटोदा तालुक्यातले. बालाघाटच्या उघड्या डोंगरात वसलेले. दसरा झाला की इकडची माणसे बिऱ्हाड बांधतात आणि ऊस तोडायला साखर कारखान्यांच्या मुलखात निघतात. नवराबायकोच्या जोडीला तिथे माणसे म्हणत नाहीत, 'एक कोयता' म्हणतात. माझा थोरला भाऊ आणि वहिनी वीस वर्षे असा एक कोयता होती. पोरगा तेवढा माझ्याजवळ राहिला. मी पडलो शाळामास्तर. "याच्या हाती कोयता येऊ देणार नाही," असा शब्द मी त्यांना दिला होता.

त्या रात्री भाऊ माझ्या ओसरीवर येऊन बसला. बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "मास्तर, मुकादमाची उचल घेतलीया. पाडवा झाला की निघतो. काच धुणाऱ्याच्या जिवावर म्हातारपण निघत नसतंय."

उचल घेतली की हंगामभर माणूस मुकादमाचा. भावाची पन्नाशी उलटलेली, कंबर धरलेली. मला काय बोलावे सुचेना. जन्मभर पोरांना शास्त्र शिकवले. पण ही धुवायची काच कोणती, हे मलाच कुठे ठाऊक होते? शेवटी पोराला हाक मारली आणि म्हटले, "बैस. आम्हांला नीट समजेल असे सांग."

तो सांगू लागला. भावाच्या विहिरीवर सौर पंपाच्या प्लेटा उभ्या आहेत. तसल्या प्लेटांतले निळसर काळे चौकोन, म्हणजे सिलिकॉनच्या चकत्या, त्याच्या कारखान्यात तयार होतात. सिलिकॉन मुळात वाळूतले. नुसत्या चकतीवर ऊन पडून वीज हाती लागत नाही. तिच्या वरच्या थरात फॉस्फरस मुरवावा लागतो. त्यासाठी आठशे अंशांहून अधिक तापलेल्या भट्टीत चकत्या ठेवून त्यांवर फॉस्फरसयुक्त वाफ आणि प्राणवायू सोडतात. मग चकतीवर एक काच धरते. तिचे नाव फॉस्फोसिलिकेट काच. आपल्या डीएपी खतातला फॉस्फरस आणि नदीतली वाळू यांची ही सोयरीकच म्हणा ना! जाडी केसाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी. या काचेतून फॉस्फरस सावकाश खाली चकतीत उतरतो. आणि चकतीतली लोखंडासारखी घाण वर ओढली जाते. काम झाले की ती काच आम्लात विरघळवून टाकायची. तशीच राहू दिली तर ती हवेतला ओलावा पिते, तिचे आम्ल बनते आणि सगळा माल खराब होतो.

"धुवायचीच, तर घालता कशाला?" भाऊ म्हणाला.

आता माझ्यातला मास्तर जागा झाला. मी स्लॅबखालच्या सेंट्रिंगचा दाखला दिला. स्लॅब धरला की फळ्या काढायच्याच असतात. पण फळ्यांवाचून स्लॅब पडत नाही. भावाने नुसतीच मान हलवली. त्याच्या घराला अजून पत्रेच आहेत.

एवढ्यात आतून वहिनी बाहेर आली. सहा महिन्यांनी आलेल्या लेकाची तिने नुकतीच दृष्ट काढली होती. ती सहज म्हणाली, "आवं, त्यात काय? दिष्ट काढल्यावर मीठमोहऱ्या घरात ठिवत्यात व्हय? इडापिडा घिऊन त्या चुलीत जायच्याच."

मी गप्पच झालो. पुढे पुस्तके चाळली, तेव्हा वहिनीचे बोलणे फारच खरे ठरले. साठ वर्षांपूर्वी नव्या जातीचे ट्रान्झिस्टर भलत्याच कारणाने बिघडत. त्यांच्यात शिरलेले सोडियम, म्हणजे घामाच्या हाताला असते त्या मिठातले सोडियम, त्यांना सुखाने चालू देत नसे. 1964 साली अमेरिकेत आयबीएमच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की वर फॉस्फरसयुक्त काचेचा थर दिला तर हा बिघाड आवरतो. तो थर हे सोडियम स्वतःत धरून ठेवतो. वहिनीच्या मिठाने दृष्ट निघते. तिथे मिठाचीच दृष्ट लागत होती आणि ती काच काढत होती! माझी सेंट्रिंगही अगदीच वाया गेली नाही. 1988 साली बर्कलेच्या विद्यापीठात केसाच्या जाडीएवढी मोटार बनवली. तिचे चाक याच काचेच्या थरावर रचले आणि मग खालची काच विरघळवून ते फिरते केले.

पण त्या रात्री वहिनीचे मन दुसरीकडेच होते. "ते आम्ल हाताला लागलं मंग?"

पोरगा जरा घुटमळला. ते हायड्रोफ्लोरिक आम्ल. ते काचसुद्धा खाते, म्हणून प्लॅस्टिकच्या भांड्यांत ठेवावे लागते. अंगावर उडाले तर कधीकधी लगेच आगही होत नाही. आत उतरत उतरत ते हाडापर्यंत जाते. म्हणून कॅल्शियमचे मलम हाताशी असते. "चकत्या यंत्रच बुडवतं गं," तो म्हणाला. "मी बाजूला उभा राहून काच पुरती गेली का, एवढंच बघतो."

भाऊ त्याच्या हातांकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हंजे ह्योबी कोयताच की."

मला ते लागले. माझा शब्द खरा झाला होता की खोटा, ते मला आजही सांगता येत नाही. पण भावाच्या आवाजात तक्रार नव्हती. धारेजवळ उभे राहणाऱ्या माणसाने दुसऱ्या तशाच माणसाला ओळखावे, तसा तो आवाज होता.

पाडव्याच्या सकाळी बापलेक मिळून मुकादमाकडे गेले. उचलीतले काही पैसे खर्चून गेले होते. ते पोराने भरले. भावाचा कोयता आढ्याला खोचलेला आहे. अधूनमधून तो त्याला तेल लावतो. मी काही बोलत नाही.

आता पारावर कोणी पुतण्याचे विचारले, की मीच खणखणीत आवाजात सांगतो, "काच धुतो!" आणि ऐकणाऱ्याला वेळ असला, तर त्याला शेजारी बसवून घेतो.