डावीकडचा एक

चंद्रपूरच्या गोल बाजारात एका घड्याळजीच्या काचेखाली एक मनगटी घड्याळ पडलं होतं. काळी तबकडी, बाहेर १ ते १२, आणि आतल्या कड्यात बारीक लाल आकड्यांत १३ ते २४. वर एचएमटीची खूण. मॉडेलचं नाव कुठेही नाही.

आतलं ते कडं पाहिलं की ‘जवान’ आठवतं, एचएमटीने फौजेसाठी काढलेलं. झाकण उघडलं तेव्हा आत ०२३१ नंबरचं मशीन निघालं, १७ ज्वेलचं, चावी द्यायचं. पण हेच मशीन ‘जनता’त आहे, ‘पायलट’मध्येही आहे. बंगळूरला १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने घड्याळं बनू लागली आणि पुढे एकाच यंत्रावर कितीतरी नावं चढली. भिंगातून पाहिलं तर मिनिटांच्या रेघा आकड्यांपासून जराशा सरकलेल्या. म्हणजे तबकडी नव्याने रंगवलेली.

“जवानच आहे जी भाऊ,” घड्याळजी म्हणाला, “पण कपडे दुसऱ्याचे घातले.”

रंगवलेल्या तबकड्यांचा मला राग येतो. डाग पडलेली, पिवळी झालेली जुनी तबकडी कधीही बरी. तिच्यावर कुणाच्या तरी मनगटाचा घाम असतो. कंपनी गुंडाळायचा निर्णय २०१६ मध्ये झाला, तेव्हा अशा जुन्या तबकड्या आता उरल्यात तेवढ्याच आहेत.

चोवीस तासांची तबकडी या जिल्ह्याला शोभते. कोळशाच्या खाणीत खाली उतरलेल्या माणसाला पहाटेचे तीन आणि दुपारचे तीन सारखेच काळे.

फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलमध्ये चोवीस तासांचं एक मोठं घड्याळ आहे. पाओलो उच्चेल्लोने १४४३ मध्ये त्याची तबकडी रंगवली. दिवस मोजायचा तो सूर्यास्तापासून, आणि काटा फिरतो उलटा, उजवीकडून डावीकडे.

तसा फिरणारा काटा मी धानोरा तालुक्यातल्या एका गोंड घरात पाहिला. भिंतीवरच्या घड्याळात १२ वर होते, पण १ डावीकडे, ११ उजवीकडे. मधोमध हत्तीवर चढलेला सिंह, चंद्रपूरच्या किल्ल्याच्या दरवाजांवर कोरलेला तोच. घरातल्या म्हाताऱ्या दादांच्या मनगटावरही तसंच घड्याळ होतं. कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, मी विचारलं. त्यांनी हात पुढे केला आणि मला फक्त वेळ सांगितली. मग अंगणात आणून दाखवू लागले. खळ्यावर बैलं फिरतात ती अशी. लग्नाचे फेरे असे. रेला नाचताना रिंगण सरकतं ते असं. कुंपणापाशी एक वेल आधारावर चढत होती. तिच्या बुंध्यावर बोट ठेवून ते वर वर गेले आणि वळसा डावीकडून पडत गेला. आधाराला विळखे घालणाऱ्या बहुतेक वेली तशाच चढतात, हे मला नंतर वाचून कळलं. पृथ्वीही उत्तर ध्रुवावरून पाहिली तर तशीच फिरते. आपले काटे ज्या दिशेने जातात ती दिशा आली सावलीच्या घड्याळातून. उत्तर गोलार्धात जमिनीत काठी रोवली तर सावली त्या बाजूने सरकते. म्हणजे आपण सावली पाहून घड्याळ केलं, आणि दादा पृथ्वीकडे बोट दाखवत होते. मला त्यांचं म्हणणं पटलं, आजही पटतं. सून आतून मोहफुलांची टोपली घेऊन आली, तिला दादांनी वेळ विचारली आणि तिने भिंतीकडे न पाहता, उन्हाकडे पाहून सांगितली.

चावीच्या घड्याळात ही दिशा बदलणं अवघड. सुटका-चाकाचे (एस्केप व्हीलचे) दात एकाच बाजूला कललेले असतात, त्यामुळे काट्यांच्या वाटेवर जादा चाक घालावं लागतं. सेलच्या घड्याळात काम सोपं आहे: मोटरीच्या गुंडाळीतून लोखंडाची पट्टी जाते, ती काढून पालथी बसवली की काटे उलटे धावू लागतात. तबकडी मात्र नव्याने छापावी लागते. ती एक नवी तबकडी मला मनापासून आवडते, आणि तिची छपाई वेडीवाकडी असली तरी चालेल.