फुगवटा
आम्हां बडोदेकरांचे डॉक्टर बहुधा गुजराती. सोनोग्राफीचा अहवाल पाहून ते सांगतात, "किडनी पर सोजो छे." सोजो म्हणजे सूज, आणि सूज म्हटली की आमच्या जुन्या घरांतून शेक आणि लेप यांचीच चर्चा सुरू होते. वास्तविक या विकारात मूत्रपिंड सुजत नाही, तुंबते. आमची उभी नोकरी राज्याच्या पाटबंधारे खात्यात गेली. बांध घातला की पाणी मागे चढते, त्यास मराठीत फुगवटा म्हणतात. आमच्या मते तोच शब्द येथे चपखल आहे.

मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतची मूत्रवाहिनी सुमारे २५ ते ३० सेंटिमीटर लांब आणि जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद. तिच्या भिंती आकुंचन पावून मूत्र पुढे ढकलतात, म्हणून आडवे निजले तरी प्रवाह चालतो. उगमाशी, ओटीपोटातील मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडताना आणि मूत्राशयात शिरताना ती अधिकच अरुंद होते. खडा अडकतो तो बहुधा येथेच. मूत्र मात्र तयार होतच राहते. दाब मागे चढतो आणि मूत्रपिंडाचा गर हळूहळू पातळ होतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या सौ.ची कळ तिसऱ्या दिवशी आपोआप थांबली. खडा पडला, असे सर्वांनी ठरवूनही टाकले. परंतु कळ असते ताणाची. तुंबलेले मूत्रपिंड कालांतराने मूत्रच कमी गाळते, ताण उतरतो, वेदना विरते. अडथळा जागेवरच राहतो. दुसरे मूत्रपिंड धड असल्याने लघवी नित्याप्रमाणे होते, रक्तातील क्रिएटिनिनही बरेचदा योग्यच येते. (आमच्या वयाच्या पुरुषांत वाढलेल्या प्रोस्टेटमुळे मूत्राशयाचेच तोंड आवळले, तर फुगवटा दोन्हींकडे चढतो.) "दुखत नाही, तर दुर्बीण कशाला?" हा सौ.चा प्रश्न रास्तच होता. डॉक्टरांनी वाद न घालता पुन्हा सोनोग्राफी केली. सात मिलिमीटरचा खडा होता तेथेच होता, आणि फुगवटा वाढला होता. थंडी वाजून ताप आला तर रात्र असली तरी निघा, असे त्यांनी बजावले. तुंबलेल्या मूत्रात जंतुसंसर्ग झाल्यास तो रक्तात पसरून जिवावर बेततो.

दुर्बिणीने खडा फोडून आत डीजे स्टेंट नावाची बारीक नळी ठेवली गेली. ती काढावयाची विसरल्यास तिच्यावरच खडे धरतात. आम्ही तारीख कालनिर्णयावर लाल शाईने लिहिली. तिसऱ्या आठवड्यात नळी निघाली. फुगवटा पुरता ओसरावयास आणखी दोन महिने लागले.