दिव्याला न भुलणारी

इंग्लंडात मार्च उजाडला तरी थंडी काढता पाय घेत नाही. त्यातच एखादी रात्र अशी येते, की वारा पडलेला, आभाळ भरलेलं, चंद्राचा पत्ता नाही. पतंग मोजणाऱ्यांची ती पर्वणी. परसात पेटी मांडायची, वर दिवा, खाली नरसाळं, आत अंड्यांचे करडे पुठ्ठ्याचे ट्रे. आणि खुशाल झोपायचं. पहाटे मात्र आळस परवडत नाही. पेटीपाशी रॉबिन पक्षी आधीच हजर असतो आणि त्याला नोंदवहीत काडीचा रस नसतो.

ट्रे उलटला की खळग्याखळग्यात कॉमन क्वेकर, क्लाउडेड ड्रॅब अशा जातींचे पतंग. सगळे मातकट. फुलपाखरांवर जीव टाकणारे नाक मुरडतील, पण त्यांतला हिब्रू कॅरेक्टर नावाचा पतंग बोटावर घेऊन पाहा. पुढच्या पंखावर काळा डाग, त्याला मधोमध खाच. छातीवर शालीसारखी दाट लव. लगेच उडत नाही. जागच्या जागी थरथरत राहतो. उडायचे स्नायू तापवत असतो बिचारा. शरदातच त्याचं अंग घडून तयार होतं. हिवाळाभर तो मातीत, कोषात, थांबून होता. आता रात्री विलोच्या तुऱ्यांवर मध प्यायचा, एवढंच काम.

दिव्यावर जीव ओवाळणारा पतंग आपल्या कवींनी अजरामर केला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्यातली हवाच काढली. उडताना कीटक उजेडाकडे पाठ ठेवतात. रात्री आभाळ जमिनीपेक्षा उजळ, म्हणून एरवी तोल नीट राहतो. जवळ दिवा आला की तिकडे पाठ करता करता बिचारे घिरट्यांत अडकतात. प्रेमबिम काही नाही.

मग अशा चकलेल्यांची मोजदाद कशाला? कारण चकवा दर वेळी तोच असतो. रॉथमस्टेडच्या संशोधन केंद्राने ब्रिटनभर सापळ्यांचं जाळं उभारलं, वर्षानुवर्षं त्याच धर्तीचा दिवा रोज रात्री लावला. म्हणून तर १९६८ ते २०१७ या काळात मोठ्या पतंगांची संख्या ३३ टक्क्यांनी घटली, हे छातीठोकपणे सांगता आलं.

मार्च मॉथ या पतंगाचा नर परसातल्या पेटीत येतो, मादी नाही. तिला पंखच नसतात. ती झाडाच्या खोडावर चढून नराची वाट पाहते. म्हणून अधूनमधून टॉर्च घेऊन सफरचंदाच्या बुंध्याशी वाकायचं. सापडलीच, तर नोंद वेगळ्या पानावर. पेटीच्या आकड्यांत तिला मिसळायचं नाही.