सांगेल तसं लिहायचं

आमच्या केजला आता एक चांगली पद्धत रुजली आहे. वाढदिवस असो, वर्षश्राद्ध असो की मुलाला नोकरी लागलेली असो, लोक एखाद्या वसतिगृहात जाऊन मुलांना जेवण देतात. सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला आम्हीही आमच्या भागातल्या एका निवासी अंध विद्यालयात पंगत दिली. निघताना मुख्याध्यापक सर म्हणाले, "ताई, जेवण देणारे पुष्कळ येतात. वाचून दाखवणारं कुणी येत नाही."

हे वाक्य मनात घर करून राहिलं, कारण वाचणं हीच एक गोष्ट मला नीट येत होती. आमचं घर वारकऱ्यांचं. गळ्यात माळ आहे आणि दर वर्षी सप्ताहात ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसायची सवय आहे. पारायणात मागच्यांना धरून वाचावं लागतं. फार पळायचं नाही, शब्द गिळायचा नाही, दमलो तरी आवाज पडू द्यायचा नाही. देवासाठी कमावलेला हा आवाज मुलांच्या अभ्यासाला उपयोगी पडणार असेल तर त्याला नाही कसं म्हणायचं? मी आठवड्यातला एक दिवस शाळेला द्यायचं ठरवलं.

तिथली बरीचशी मुलं ऊसतोड कामगारांची आहेत. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उसाच्या फडाजवळ पाचटाची कोपी, पहाटेपासून तोडणी, मोळ्या बांधणं, गाडी भरणं. अशा ठिकाणी न दिसणारं मूल कुणाच्या भरवशावर ठेवायचं? बैल आहेत, वाहनं आहेत, कापलेल्या उसाची टोकदार खुंटं आहेत. म्हणून आई-बाप काळजावर दगड ठेवून लेकराला शाळेत सोडतात. तिथे त्याला चार भिंतींचा आसरा मिळतो आणि अक्षरही मिळतं. पंगत वाढताना आपण जी कणव घेऊन जातो ती तिथे फार काळ पुरत नाही. या मुलांना गणित सोडवायचं असतं, नकाशा समजून घ्यायचा असतो, दहावी पास व्हायचं असतं.

मी आधी ब्रेल शिकले. जाड कागद पाटीच्या चौकटीत अडकवायचा, हातात स्टायलस घ्यायचा आणि उजवीकडून डावीकडे टोचत यायचं. कागद उलटला की टोचलेले ठिपके वर येतात आणि बोट डावीकडून उजवीकडे वाचत जातं. सहा ठिपक्यांच्या घरात सगळी भाषा बसते. सहावीतल्या एका मुलाने मला पहिल्यांदा आमच्या गावाचं नाव लिहायला लावलं. क म्हणजे पहिला आणि तिसरा ठिपका. मात्रेसाठी पुढच्या घरात ए, म्हणजे पहिला आणि पाचवा. मग ज, म्हणजे दुसरा, चौथा आणि पाचवा. सात ठिपक्यांत केज! त्याने त्यावरून तर्जनी फिरवली आणि म्हणाला, "बरोबर आहे काकू, पण जरा जोरात टोचा. ठिपका दबलाय, बोटाला लागत नाही."

लुई ब्रेलने ही लिपी 1824 च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी घडवली. स्वातंत्र्यानंतर भारती ब्रेल आली आणि मराठीसह आपल्या भाषांना एकच बैठक मिळाली. पण ब्रेलमधलं पुस्तक जाडजूड असतं. छापील एका पुस्तकाचे ब्रेलमध्ये कित्येक खंड होतात आणि हवं ते पुस्तक हवं तेव्हा हाताशी असतंच असं नाही. अशा वेळी वाचणारा माणूस लागतो. मी धडा वाचते, मुलं ऐकतात, हवं तिथे थांबवून टिपणं टोचून घेतात. मोठी मुलं मोबाईलवर माझा आवाज भरून घेतात आणि रात्री पुन्हा ऐकतात. नकाशा असेल तर नदी कुठून निघते, कुठे वळते, हे मी त्यांच्या तळहातावर बोटाने काढून दाखवते. आपल्या मांजरेवर धनेगावला धरण आहे, एवढं प्रत्येकाला माहीत असतं. मांजरा पुढे गोदावरीला मिळते, हे तळहातावर कळतं.

सगळ्यात मोठी गरज मात्र परीक्षेत असते. अंध विद्यार्थी उत्तर सांगतो आणि लेखनिक ते लिहितो. तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळतात. दहावीच्या बोर्डाला लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणजे तिथे माझ्यासारखी बाई चालत नाही. म्हणून मी केजमधल्या नववीच्या मुलांच्या घरी जाते, आई-वडिलांशी बोलते आणि मुलांना सराव परीक्षांना सोबत नेते.

अशाच एका सराव परीक्षेत दहावीतली एक मुलगी राज्यशास्त्राचं उत्तर सांगत होती. ग्रामपंचायतींना संवैधानिक दर्जा कोणत्या घटनादुरुस्तीने मिळाला, असा प्रश्न होता. ती म्हणाली, "74 वी." लिहिणाऱ्या मुलाला बरोबर उत्तर माहीत होतं. त्याचा पेन थांबला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. कागदावरची कुरकुर बंद झाली तशी मुलगी म्हणाली, "काय झालं? का थांबलास?"

तो हळूच म्हणाला, "ताई, दुसरं आहे ते. बरोबर करून लिहू का?"

"नको. मी सांगितलं तेच लिही. माझं चुकलं तर माझं चुकू दे."

त्याने 74 लिहिलं. पेपर तपासून झाल्यावर तिने तो धडा माझ्याकडून पुन्हा वाचून घेतला. 73 वी गावांची, 74 वी शहरांची, हे तिने पक्कं केलं आणि आपली केजची नगरपंचायत कुठल्या दुरुस्तीत बसते तेही स्वतःच सांगितलं. गेलेल्या गुणाचं तिला वाईट वाटलं, पण कुणी दिलेला गुण तिने घेतला नसता.

त्या मुलीने माझ्या भक्तीला वळण लावलं. नेवाशाला ज्ञानेश्वर माउलींनी गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, शके 1212 मध्ये. पारायणात ते नाव दर वेळी येतं. पण आपल्या संप्रदायाच्या मुळाशी एक लेखनिक बसलेला आहे, हे मला त्या वर्गात बसल्यावर उमगलं. विदर्भातले गुलाबराव महाराज (1881 ते 1915) तान्हेपणीच दृष्टी गमावून बसले होते. ते इतरांकडून ग्रंथ वाचून घेत आणि स्वतः सांगत ते शिष्य लिहीत. असे त्यांचे शंभरावर ग्रंथ झाले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. वाचणारे आणि लिहिणारे ते हात भेटले नसते तर ती प्रज्ञा आपल्यापर्यंत पोहोचली असती का?

श्रद्धेची ही वाट एकाच पंथाची नाही. 1900 मध्ये, दुष्काळाच्या दिवसांत, अ‍ॅना मिलार्ड या अमेरिकी मिशनरी बाईंनी मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. दादरची आजची कमला मेहता अंध शाळा ती हीच. त्यांचा देव वेगळ्या नावाचा, माझा वेगळ्या नावाचा. पण न दिसणाऱ्या लेकराच्या हाती अक्षर द्यायचं, हे काम दोन्ही देवांना सारखंच पोहोचलं असणार.

माझ्यापुरतं सांगायचं तर सेवा म्हणजे स्वतःचा काना-मात्रा न घालता दुसऱ्याचं म्हणणं उतरवणं. यात मीपणाला जागाच नाही. मुलगी हुशार असेल तर तिची हुशारी कागदावर यावी, कच्ची असेल तर कच्चेपणाही यावा. "बिचारी आहे" म्हणून दोन गुण जास्त देणारा माणूस तिच्या कष्टांचाच अपमान करतो. आणि सेवेला नेम लागतो. मी एकादशी चुकवत नाही तसा हा दिवसही चुकवत नाही, कारण तिथे कुणीतरी धडा अर्धा सोडून माझी वाट पाहत असतं.

बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते आणि लेखनिकांची शोधाशोध त्याआधीच सुरू होते. "आमच्या पोराचा अभ्यास बुडेल," असं पालक म्हणतात. मी त्यांना सांगते की लिहून आलेली मुलं शहाणी होऊन घरी येतात. दुसऱ्याचं पूर्ण ऐकून घ्यायला शिकतात आणि माहीत असलेलं उत्तर पोटात ठेवायलाही शिकतात. हे कुठल्या शिकवणीत मिळत नाही. घरात नववीतलं मूल असेल तर जवळच्या अंध विद्यालयात जाऊन त्याचं नाव द्या. आणि वाचता येत असेल तर तुम्हीही त्याच्यासोबत जा.